नियम कोणासाठी? अमौसी, सातारा आणि नववीचा वर्ग

(एका दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाची मुद्रित संहिता)

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमौसी लागते. तिथल्या विमानतळाला २००८ साली चौधरी चरणसिंग यांचे नाव देण्यात आले, पण लखनौकरांच्या तोंडी तो अजून अमौसीचाच विमानतळ आहे. लखनौ–कानपूर लोहमार्गावर अमौसीचे स्वतःचे स्टेशन आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि २०१९ पासून मेट्रोही थेट विमानतळापर्यंत जाते. याला लागून सरोजिनीनगर. तिथे जुलै १९६० मध्ये एक शाळा सुरू झाली, देशातली पहिली सैनिक शाळा. त्यामागे होते उत्तर प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री डॉ. संपूर्णानंद. राजकारणात येण्याआधी ते स्वतः शिक्षक होते. ही शाळा केंद्राची नव्हती. एका राज्याने आपल्या तिजोरीतून उभी केलेली ती शाळा होती आणि आजही ती राज्याचीच आहे.

वर्षभराच्या आत, २३ जून १९६१ रोजी, साताऱ्यात केंद्राच्या सैनिक शाळा योजनेतली पहिली शाळा उघडली. कुंजपुरा, कपूरथळा, बालाचडी, चित्तोडगड या तिच्या त्याच वर्षीच्या भावंडशाळा. संरक्षणमंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. सैन्यातले अधिकारी ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक घरांतून येत होते. तो तोल सावरायचा आणि सामान्य घरातल्या मुलाला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा रस्ता दाखवायचा, हा या शाळांचा जाहीर हेतू होता.

सैनिकी शिक्षणाबद्दल उलटसुलट बोलता येईल. आज त्या वादात शिरायचे कारण नाही. प्रश्न प्रत्येक पालकाच्या घरातला आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या माध्यमिक शाळेने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडून काय मागावे आणि त्याआधी त्याला काय द्यावे? सैनिक शाळेपासून सुरुवात केली ती एवढ्याचसाठी, की तिथे मागणे आणि देणे या दोन्ही गोष्टी डोळ्यांना स्वच्छ दिसतात.

सैनिक शाळेतल्या कॅडेटचा दिवस पहाटे सुरू होतो. पीटी, नाश्ता, वर्ग, जेवण, दुपारची थोडी विश्रांती, संध्याकाळचे मैदान, रात्रीची ‘प्रेप’, दिवे बंद. गणवेश दिवसातून अनेकदा बदलायचा, बूट चकचकीत हवेत, केस मापात हवेत, घंटा झाली की पाच मिनिटांत हजर. बाहेरच्या माणसाला हा जाच वाटतो. पण प्रत्येक नियमामागे शाळेने उभी केलेली एक सोय असते. पहाटे उठायचे तर झोपायला स्वतःचा पलंग आणि ठरलेली वेळ आहे. मैदानावर धावायचे तर मैदान आहे, धावल्यावर पोटभर जेवण आहे आणि पाय मुरगळला तर दवाखाना आवारातच आहे. रात्री दीड-दोन तास अभ्यासाला बसायचे तर टेबल आहे, दिवा आहे आणि अडले तर विचारायला आवारात राहणारे मास्तर आहेत. ही सोय फुकट नाही. साताऱ्याच्या शाळेची फी पुष्कळ घरांना जड जाते आणि उत्पन्नानुसार मिळणारी शिष्यवृत्ती नसेल तर शेतमजुराच्या मुलाला ती वाट बंदच. तरीही व्यवहार सरळ आहे. शाळा पुष्कळ मागते, कारण ती पुष्कळ पुरवते.

अमौसीच्या या शाळेतून गेलेले एक नाव सगळ्या देशाला माहीत आहे. कॅप्टन मनोजकुमार पांडे हे सीतापूर जिल्ह्यातल्या साध्या कुटुंबातले. ३ जुलै १९९९ रोजी बटालिक क्षेत्रातल्या खालूबारवर लढताना त्यांना वीरमरण आले आणि परमवीरचक्र मरणोत्तर मिळाले. शाळेला आज त्यांचे नाव आहे. पण शाळेच्या अलीकडच्या इतिहासातली खरी मोठी गोष्ट २०१८ सालची. त्या वर्षी जवळजवळ सहा दशकांनंतर तिथे पहिल्यांदा मुली आल्या, त्याही नववीत. मुलगी घ्यायची असे एकदा ठरले की प्रवेश-अर्जातला एक रकाना बदलून भागत नाही. वसतिगृह, न्हाणीघरे, महिला वॉर्डन, दवाखान्यातली सोय, मैदानाच्या वेळा, सगळेच नव्याने बसवावे लागते. आधी शाळेला स्वतःला बदलावे लागते आणि मगच मुलींना सांगता येते की या, आणि मुलांइतकेच धावा. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी सर्व सैनिक शाळा मुलींसाठी खुल्या करण्याची घोषणा झाली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेला मुलींना बसू देण्याचा आदेश दिला. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या दीक्षान्त संचलनात पहिल्या १७ मुली इतर कॅडेटांच्या बरोबरीने चालल्या. सरोजिनीनगरच्या त्या वसतिगृहापासून खडकवासल्याच्या या मैदानापर्यंत सात वर्षे.

आता साताऱ्याकडे वळू. शाळा मुलाकडून काय मागते आणि त्याला काय नाकारते, याचा महाराष्ट्रातला इतिहास लिहायचा तर तो एकट्या साताऱ्यावरून लिहिता येईल.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, रामजी सकपाळांचा धाकटा मुलगा भिवा, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, इंग्रजी पहिलीत दाखल झाला. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या शाळेच्या कागदावर सर्व मुलांना एकच नियम असणार. वर्गातले नियम मात्र दोन होते. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की बसायला त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे. शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते पुन्हा घरी आणावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. वेळेवर ये, अभ्यास कर, गप्प बस हे सर्व त्या मुलाकडून अपेक्षितच होते. शाळेने त्याला द्यायची पहिली गोष्ट, पिण्याचे पाणी, ती मात्र एका शिपायाच्या मर्जीवर अवलंबून होती. ज्या शाळेत पाण्याचा हक्क नाही त्या शाळेत शिस्तीला कसलाही नैतिक आधार उरत नाही. बाबासाहेबांच्या आठवणीतून प्रस्तुत वक्त्याने हाच अर्थ घेतला आहे आणि पुढचे सगळे बोलणे त्याच अर्थावर उभे आहे.

त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढले. रयत शिक्षण संस्था त्याआधी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू झाली होती. बोर्डिंगमध्ये महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा सगळ्या घरांतली मुले एकाच चुलीवरचे खात आणि एकाच पंगतीत बसत. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधी तिथे आले आणि बोर्डिंगला छत्रपती शाहूंचे नाव त्यांच्या हस्ते दिले गेले. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळदा भावुक होऊन सांगितली जाते. तिच्यातला व्यवहारही लक्षात घ्यायला हवा. भाऊराव मुलांकडून फार मागत. पाणी शेंदा, धान्य दळा, भाकरी थापा, शेतात राबा, दगड वाहा, आणि एवढे करून अभ्यासही चोख हवा. १९४० साली साताऱ्यातच त्यांनी महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावरची ती मोफत, निवासी माध्यमिक शाळा होती. तिथल्या मुलाने राबावे ही अपेक्षा होती, पण राबण्याचा मोबदला म्हणजे त्याचे स्वतःचे शिक्षण. उपाशी पोटी कुणी राबत नव्हते आणि जात बघून कुणाला काम दिले जात नव्हते. भाऊरावांच्या बोर्डिंगचे नियम आजच्या कोणत्याही शाळेपेक्षा कडक वाटतील. तरी तिथून शिकलेली माणसे म्हातारपणीही त्या दिवसांबद्दल कृतज्ञतेने बोलत, कारण आपल्या ताटात घालणारा हात आणि आपल्याला कामाला लावणारा हात एकच आहे हे त्यांनी रोज पाहिले होते.

भाऊराव हे ज्यांच्याकडून शिकले त्या शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी मजुराला तो चांगलाच चटका लावणारा होता. या दंडाची गोष्ट सगळे सांगतात, पण त्याआधीची सोळा वर्षे कमी सांगितली जातात. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत विद्यार्थ्यांची वसतिगृहे. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झाले. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. म्हणजे आधी छप्पर, आधी चूल, आधी फी माफ आणि त्यानंतर दंड. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनीही हाच क्रम पाळला. १८९३ मध्ये एकट्या अमरेली भागात प्रयोग करून पाहिला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. सक्ती करणाऱ्या राजाला आधी स्वतःवर सक्ती करावी लागते, हे या दोघांनी आपापल्या दरबारात मान्य केले होते.

स्वतंत्र भारताने हा क्रम कायद्यात आणायला २००९ साल उजाडले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मूल काय करील याबद्दल त्यात फारसे नाही, शाळा काय देईल याची मात्र सविस्तर यादी आहे. मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, ग्रंथालय, अडथळ्याविना वर्गापर्यंत जाता येईल असा रस्ता. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक. सहावी ते आठवीसाठी वर्षाला कामाचे दोनशेवीस दिवस आणि शिक्षकाला तयारीसह आठवड्याला पंचेचाळीस तास. कलम १७ प्रमाणे मुलाला मारायचे नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि त्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. शाळेसाठी इतके स्पष्ट नियम या देशात याआधी कुणी लिहिले नव्हते.

आणि ही यादी आठवीला संपते.

कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. आठवीचा निकाल लागला की त्याचे हात सुटतात. दुपारचे जेवण, जुन्या नावाने मध्यान्ह भोजन आणि आता पीएम पोषण, तेही आठवीपर्यंतच. महाराष्ट्रात सरकारी योजनेतून पाठ्यपुस्तके फुकट मिळतात ती आठवीपर्यंत. कलम १७ चा धाकही चौदा वर्षांपर्यंतचा. त्यानंतर कुणी मारले तर इतर कायदे आहेत, पण शाळेला थेट उद्देशून लिहिलेले ते एक साधे, स्वच्छ वाक्य नववीच्या मुलासाठी उरत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचे आणि सकाळच्या न्याहारीचेही बोलले गेले आहे. धोरणात लिहिलेले मुलाला मागता येत नाही. मागता येते ते कायद्यात लिहिलेले.

दुसरीकडे नववीला अपेक्षांची यादी एकदम वाढते. महाराष्ट्रात असो, उत्तर प्रदेशात असो की सीबीएसईत, बोर्डाच्या परीक्षेला बसायचे तर पंचाहत्तर टक्के उपस्थिती हवी. विषयांचा भार वाढतो, प्रयोगवह्या येतात, परीक्षेचे शुल्क येते. गणवेशाचा रंग बदलतो आणि बदललेला गणवेश पालकांना विकत घ्यावा लागतो. शाळा बहुधा लांबची होते, कारण गावात शाळा आठवीपर्यंतच असते. नेमक्या याच वयात मुलगा कमावता होऊ शकतो आणि मुलीच्या लग्नाचे बोलणे निघू शकते. चौदाव्या वर्षी शाळेचा हात सुटतो आणि त्याच वर्षी शेत, कारखाना, हॉटेल, सासर हे सगळे हात पुढे करतात. अमौसीच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारी करणाऱ्या बापाचा मुलगा आणि इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या आईची मुलगी या एका बाबतीत सख्खी भावंडे आहेत.

सोय न देता नुसती अपेक्षा ठेवली तर काय होते, याचा सर्वांत जळजळीत दाखला उत्तर प्रदेशनेच दिला आहे. तिथली माध्यमिक शिक्षण परिषद १९२१ सालची, म्हणजे देशातल्या जुन्या मंडळांपैकी. दहावीच्या तिच्या परीक्षेला लाखो मुले बसतात. परीक्षेतली नक्कल तिथे वर्षानुवर्षे धंदा बनली होती. १९९२ मध्ये कल्याणसिंग सरकारने नकलविरोधी अध्यादेश काढला. शिक्षणमंत्री होते राजनाथसिंग. कॉपी करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. परीक्षाकेंद्रांवर पोलीस आले आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले कोठडीत गेली. त्या वर्षी दहावीचा निकाल लागला १४.७० टक्के. शंभरांतली पंच्याऐंशी मुले नापास. १९९३ च्या निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा झाला आणि नंतर आलेल्या मुलायमसिंग यादव सरकारने तो कायदा मागे घेतला.

या प्रकरणावर दोन बाजूंनी तावातावाने बोलले जाते. एक बाजू म्हणते, कायदा कडक होता म्हणून खरा निकाल दिसला. दुसरी म्हणते, मुलांना गुन्हेगार केले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि दोन्हींतून एक प्रश्न सुटतो. ती पंच्याऐंशी मुले वर्षभर कुठे होती? त्यांच्या शाळेत गणिताला शिक्षक होता का? प्रयोगशाळेचे कुलूप उघडले गेले होते का? कॉपी हा गुन्हाच आहे. तिने सर्वांत जास्त नुकसान होते ते रात्री कंदिलाखाली बसून प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या मुलीचे. पण ज्या व्यवस्थेने दोनशे दिवस शिकवले नाही तिला परीक्षेच्या तीन तासांसाठी पोलीस पाठवण्याचा अधिकार कुठून मिळतो? १४.७० हा आकडा मुलांच्या गुणपत्रिकेवर छापला गेला. तो शाळांच्या आणि शिक्षणखात्याच्या गुणपत्रिकेवर छापला जायला हवा होता.

महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांचा कायदा १९८२ पासून आहे. ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव मात्र रूढ झाले २०१० च्या सुमारास, जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांच्या कॉपीमुक्त अभियानामुळे. सार्वजनिक परीक्षांसाठी २०२४ मध्ये केंद्राने जो कायदा केला तो उमेदवाराला तुरुंगात घालत नाही. पेपर फोडणाऱ्या टोळ्या, संगनमत करणारे अधिकारी, सेवा पुरवणाऱ्या कंपन्या यांच्यावर त्याचा रोख आहे. तो भरती आणि प्रवेशपरीक्षांचा कायदा आहे, शाळांच्या बोर्डाचा नाही. तरी १९९२ पासून इतका पल्ला गाठला गेला ही समाधानाची गोष्ट आहे.

सोय दिली की अपेक्षा आपोआप कशी पूर्ण होते, याचे उदाहरण उत्तर प्रदेशच्या शेजारच्या बिहारमध्ये आहे. २००६ साली तिथल्या सरकारने नववीत नाव घालणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. अट एकच, नववीत प्रवेश. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडाशी तुलना करून या योजनेचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे परिणाम सर्वांत ठळक होता. मुलींच्या उपस्थितीबद्दल पालकांना कितीही परिपत्रके पाठवली असती तरी हे झाले नसते. एक सायकल दिली आणि रस्त्याचे भय कमी झाले, कारण मुली एकट्यादुकट्या न जाता घोळक्याने निघाल्या. महाराष्ट्रात अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेत मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो आणि मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या धावतात. सकाळची ती गाडी चुकली किंवा बंद पडली की त्या दिवशी तालुक्यातल्या अनेक मुलींचा खाडा पडतो. तो खाडा हजेरीपटावर मुलीच्या नावापुढे लागतो. आगाराच्या नावापुढे लागत नाही.

लखनौचा विषय निघाला आहे तर एका मराठी माणसाचे काम इथे सांगितलेच पाहिजे. वाळकेश्वरात जन्मलेले वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौत संगीताचे महाविद्यालय उभे केले. राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांचे त्यांना साहाय्य होते. गव्हर्नर मॅरिस यांच्या नावाने ते मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झाले. कैसरबागेतली ती संस्था आज भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी तिथे दीर्घकाळ प्राचार्यपद सांभाळले. त्याआधी गाणे शिकायचे तर शिष्याने उस्तादाच्या घरी राहायचे, पाणी भरायचे, सेवा करायची. काय शिकवायचे, किती आणि केव्हा, हे उस्तादाच्या मनावर. त्या परंपरेने थोर गायक दिले, हे भातखंडेही जाणत होते. तरी त्यांनी क्रमिक पुस्तके लिहिली आणि पहिल्या वर्षी कोणते राग, दुसऱ्या वर्षी कोणते हे छापून ठेवले. शिकण्याच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला कळू लागले की संस्था त्याला काय देणार आहे. घराण्यांनी त्यांच्यावर टीका केली, काही टीका रास्तही होती. पण घराण्यात न जन्मलेल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, गाण्याचे दार उघडले ते त्या छापील अभ्यासक्रमाने.

आता सर्वांत नाजूक सोयीबद्दल. शाळेने मुलाला द्यायच्या गोष्टींत तक्रार करण्याची जागा पहिल्या रांगेत यायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. लोक रेल्वेरुळांवर उतरले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ चा. असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हाच आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन कराव्यात असा शासन निर्णय मार्च २०२२ चा. नियम होते, समित्यांची तरतूद होती. कमी होती ती एका साध्या व्यवस्थेची. मुलीने कुणाला सांगायचे, आणि सांगितल्यावर किती तासांत काय होणार, हे तिला आणि तिच्या आईला आधीच माहीत असणे. तक्रारपेटी आज पुष्कळ शाळांच्या भिंतीवर आहे. तिची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असेल तर मुख्याध्यापकांविषयीची चिठ्ठी त्या पेटीत कोण टाकील? पेटी दर आठवड्याला पालक प्रतिनिधीसमोर उघडावी, किती चिठ्ठ्या निघाल्या आणि किती निकालात निघाल्या हे फळ्यावर लिहावे, चिठ्ठीतला मजकूर आणि नाव मात्र गुप्त ठेवावे. याला पैसा लागत नाही.

शाळेत प्रवेश घेताना पालक एका कागदावर सही करतात. मुलगा नियमित येईल, गणवेश घालील, मोबाईल आणणार नाही, शाळेच्या मालमत्तेचे नुकसान केल्यास भरपाई देऊ. असा कागद जवळजवळ प्रत्येक शाळेत आहे. त्याची मागची बाजू बहुतेक ठिकाणी कोरी असते. प्रस्तुत वक्त्याची सूचना एवढीच, की नववीच्या प्रवेशाच्या दिवशी त्या मागच्या बाजूवर शाळेने लिहावे आणि खाली मुख्याध्यापकांनी सही करावी. कोणत्या विषयाला शिक्षक आहे आणि कोणती जागा रिकामी आहे. प्रयोगशाळा आठवड्यातून किती वेळा उघडेल. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे की नाही. गाडी चुकल्यामुळे उशीर झालेल्या मुलीला बाहेर उभे केले जाणार नाही. शाळेत कुणाला मारले जाणार नाही, नववीतही नाही. दाखला मागितल्यावर फी थकली म्हणून अडवला जाणार नाही. तक्रार कुणाकडे करायची आणि उत्तर किती दिवसांत मिळेल. हे सर्व मुलांना समजेल अशा मराठीत किंवा अमौसीत असेल तर तिथल्या हिंदीत, मोठ्या अक्षरात.

कुणी म्हणेल, याने मुले शेफारतील आणि नुसते हक्क मागतील. साताऱ्याच्या बोर्डिंगने या शंकेचे उत्तर केव्हाच दिले आहे. ज्याला मिळते त्याच्याकडून मागता येते. मुलांना कामाची भीती वाटत नाही, त्यांना अन्याय सहन होत नाही. मुख्याध्यापकांनी मागच्या बाजूवर सही केली तर पुढच्या बाजूवरची पालकांची सही खऱ्या अर्थाने वजनदार होईल. मग मुलाला ठणकावून सांगता येईल की गणवेशात ये, वेळेवर ये, गृहपाठ कर, लहानांना त्रास देऊ नकोस, आणि त्याने ते मोडले तर त्याला जाबही विचारता येईल.

यासाठी संसदेने कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही, जरी तो बदलायलाच हवा आणि अठरा वर्षांपर्यंत वाढायला हवा. महाराष्ट्राची माध्यमिक शाळा संहिता राज्याच्या हातात आहे आणि उत्तर प्रदेशचे माध्यमिक शिक्षणाचे नियम त्या राज्याच्या. अमौसीची सैनिक शाळा एका राज्याने दिल्लीची वाट न पाहता काढली होती आणि तिच्या मागोमाग देश चालला. नववीच्या कागदाची मागची बाजू भरायला तर राज्याच्या आदेशाचीही वाट पाहायला नको. उत्तर प्रदेशचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, महाराष्ट्राचे जूनमध्ये. शालेय व्यवस्थापन समितीची एक बैठक, एक ठराव, आणि छपाईचा खर्च एका कागदाच्या दुसऱ्या बाजूचा. ज्या मुख्याध्यापकांना हे करावेसे वाटेल त्यांनी पहिल्या ओळीत पिण्याच्या पाण्याबद्दल लिहावे.